शून्य न बघता मोजलेले शाफ्ट

वीस वर्षांपूर्वीचा १२ जून, बोम्मसंद्र्यातला कारखाना. हजर: इंटर्नशिपला आलेली मी, मशीनवरचे शिंदे अण्णा आणि तपासणी विभागाच्या मॅडम. आज बऱ्याच दिवसांनी मशीनशेडमध्ये गेले, मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तो आंबूस, तेलकट वास आला आणि ती सकाळ समोर उभी राहिली.

मी मायक्रोमीटरने चाळीस शाफ्ट मोजले, सगळे नापास ठरवले आणि कागदावर सही केली. अण्णांनी मायक्रोमीटर हातात घेऊन पूर्ण मिटवला. रेघ शून्यावर येतच नव्हती, म्हणजे माझे प्रत्येक माप चुकलेले होते.

"मोजायच्या आधी शून्य कोण बघणार अम्मा, तुझे प्रोफेसर?"

माझे कान तापले. साधे मोजताही न येणाऱ्या मुलीला नोकरी कोण देणार?

"अण्णा, तुम्हीच सांगा ना मॅडमना."

"सही कोणाची? तुझी. मग तूच सांगायचं. सरी, ठीक आहे, जा."

मी गेले, सांगितले. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा मोज, पुन्हा सही कर." शून्य जुळवून मी पुन्हा मोजले आणि दुपारपर्यंत चाळीसही शाफ्ट पास झाले.

तेव्हा तो अपमान वाटला होता. पण पुढे नोकरीच्या मुलाखतीत माझी एखादी चूक विचारली गेली, तेव्हा ती सांगताना माझा आवाज कापला नाही.

आता माझ्या हाताखाली तीन विद्यार्थी शिकतात. त्यांचे प्रत्येक माप मी पुन्हा घेते, सहीही मीच करते. त्यांच्या हातून चूक म्हणून होऊ देत नाही. सहीचे काम त्यांच्याकडे सोपवणे, हे महिनाभर माझ्या यादीत आहे. त्यापुढे अजून खूण केलेली नाही.