हाडं नव्हती त्या दिवशी

"थांब तिथंच. सुलभा न्हातेय."

काकूंनी, सुलभाच्या आईनं, मला उंबऱ्याबाहेर अडवलं. आतून बादलीचा आवाज येत होता. माझ्या हातात सुलभाचा चष्मा. माझी ही मैत्रीण तो आमच्या घरी विसरली होती. तो द्यायला मी आमच्या वस्तीतून जेलरोडपर्यंत अशी धावले, की शहर बस मागं पडली. खोटं नाही. निदान दोन थांबे तरी.

"आत्ता संध्याकाळी?" मी विचारलं.

"तुमच्याकडून आली की न्हावंच लागतं बाई."

मी हसले. खरंच हसले. "काकू, आज कशाला? आज हाडं नव्हतीच. सरांनी एका दिवसापुरती कॉलेजात नेलीत."

"अगं, हाडांचं कोण बोलतंय?"

आम्ही दोघी आयुर्वेद कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. आणीबाणी नुकतीच उठली होती. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कोळशावर. शरीर शिकायचं तर खरी हाडं हाताशी हवीत. वरच्या वर्गातली मुलं जुना संच खालच्यांना देत. आम्हा दोघींत एक मिळाला. कवटी, फासळ्या, मांडीची हाडं, दोरीत ओवलेले मणके, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. सुलभा म्हणाली, "आमच्याकडे सोवळं असतं गं. आजी घर डोक्यावर घेईल. तुमच्याकडे चालतं ना?"

चालतं! केवढा अभिमान वाटला मला! आम्ही बौद्ध, आमच्या घरात कसला विटाळ? पेटी खाटेखाली गेली. वस्तीत अशी हवा झाली की चोर आमची गल्ली सोडून देवळालीवरून वळसा घालत. आई कवटी पुसायची नि म्हणायची, "हिचं कुनी नाय का गं? लय भुकेली दिसती."

सुलभा रोज यायची. मनगटाची आठही हाडं आम्ही डोळे मिटून ओळखायचो. आईच्या हातची भाकरी ती खायची, वर दुसरी मागायची. घरी जाऊन न्हाते, हे तिनंच सांगितलं होतं. "हाडांमुळे गं." आणि मी वस्तीभर शहाणपणानं सांगत फिरायचे, डॉक्टर होणाऱ्यानं स्वच्छ राहायलाच हवं!

"ठेव पायरीवर," काकू म्हणाल्या.

मी चष्मा ठेवला. त्यांनी वरून तांब्याभर पाणी ओतलं. माझ्यासमोर.

आतून सुलभाचा आवाज. "आई, कोण आहे?"

"मी," मी म्हणाले.

पाणी थांबलं. मग पुन्हा पडायला लागलं. जोरात.

काकूंचं एवढं लागलं नाही. काकू पहिल्यापासून काकूच होत्या. पण ती! तिच्या पोटात अजून आईची भाकरी होती.

दुसऱ्या दिवशी ती आली. काखेत आम्ही दोघी वाचायचो ते शरीररचनेचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. पुस्तक तिचं होतं आणि माझं पास होणं त्यावर होतं.

"आईचं मनावर घेऊ नको. मी थोडीच मानते?"

"मग आज घरी जाऊन न्हाऊ नकोस."

"आईला काय सांगू?"

"मैत्रिणीकडून आले, सांग."

ती पानं चाळत राहिली. मग म्हणाली, "परीक्षा तोंडावर आलीय. कशाला उगाच तमाशा? तुलाही पुस्तक लागणारच आहे ना."

पुस्तक तिचं, जागा माझी. एवढंच होतं तर.

मी पेटी ओढून तिच्या पायाशी आणली. "वर्षभर आमच्याकडे राहिली. आता तुझ्याकडे ने."

"वेडी आहेस का? घरात कशी नेऊ?"

"मग तूही इथं येऊ नकोस."

गेली. पुस्तक घेऊन गेली. मी पहिल्या खेपेला नापास झाले. दुसऱ्या खेपेला, ग्रंथालयात उभ्यानं वाचून, सुटले.

आज माझा दवाखाना आहे. माझं घर आहे. माणसं येतात, आम्ही जातबित मानत नाही म्हणतात, पानावर बसतात. मी पहिला घास उचलू देत नाही. तोंडावर विचारते, "इथून घरी गेल्यावर काय करणार?"

जो हसून "झोपणार, दुसरं काय?" म्हणतो, त्याला आणखी वाढते. जो अडखळतो, त्याच्यापुढचं ताट उचलते. भरलेलं. त्याच्या डोळ्यांदेखत.