टेपरेकॉर्डर कपाटाबाहेर काढला तेव्हा

मंडळी, आज सोनपेठजवळच्या मी पूर्वी शिकवायचे त्या शाळेत गेले होते. अनुदानातून आलेले संगणक चादरीखाली झाकून ठेवलेले. "पोरं बिघडवतील, बाई," हेडमास्तर म्हणाले.

मी त्यांना मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळातली गोष्ट सांगितली. तेव्हाही अनुदानाचा टेपरेकॉर्डर कपाटात बंद होता. मी भांडून किल्ली घेतली. सातवीतली कौसल्या वाचताना अडखळायची, मुलं हसायची, म्हणून ती वाचायचंच टाळायची. मी तिला एकटीला बसवून तिचं वाचन टेप केलं.

ते ऐकून ती म्हणाली, "बाई, मी तर नीट वाचायलेय की!" दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात आपणहून हात वर केला.

पुढं टेपचं बटण तुटलं, मला बोलणी बसली. त्याचं काही वाटलं नाही.

तुमच्या शाळेतल्या वस्तू वापरून मोडल्या, की ठेवून गंजल्या?