नानांवर पाच दिवस पाळत

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. आठ मराठी माणसं एका डब्यात पाच दिवस कोंडा, फ्रिजमधल्या उरलेल्या भाज्यांसारखे ते आपोआप साठतात. आमच्या आयर्लंडच्या ग्रुपमध्ये कुणाकडेही जेवायला जा, दुसऱ्या पोळीपर्यंत त्या ट्रेनच्या ट्रिपचा विषय निघतोच. प्रत्येक जण आपापला किस्सा रंगवून सांगतो. मी मात्र शेवटचा किस्सा कधी सांगत नाही. आज सांगून टाकतो.

ट्रिप होती जुन्या लाकडी डब्यांच्या, वाफेच्या इंजिनाच्या गाडीची. दिवसा गाडी, संध्याकाळी हॉटेल, आणि पाच दिवसांत अख्ख्या बेटाला फेरी. गाडी चालवणारी सगळी हौशी मंडळी, बहुतेक रिटायर्ड. सगळ्यांना आम्ही सांगितलं, "जरा क्रॅक करू, म्हणजे इथल्या भाषेत मजा करू." खरं कारण वेगळंच होतं. आम्हाला नानांवर पाळत ठेवायची होती!

नाना म्हणजे माझे वडील. मिरजेला चौतीस वर्षं मालगाडीवर गार्ड. आई गेल्यापासून दोन वर्षं एकटेच राहतात. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे कॉर्कला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या चपला किचनच्या प्रेसमध्ये सापडल्या. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. मग एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. मग एकदा पाय मोकळे करायला म्हणून गेले ते चार तासांनी उगवले. "बसचा डेपो बघून आलो," म्हणाले. मुक्ता, माझी बायको, रात्री हळूच म्हणाली, "मंदार, मला यांचं काही खरं वाटत नाही."

आम्ही शैलाला फोन लावला. शैला आमची जुनी मैत्रीण, लेटरकेनीच्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर. ती म्हणाली, "पाच दिवस माझ्या नजरेखाली राहू देत. पण त्यांना कळता कामा नये."

विसरणं खरं निघालं, तर नानांना मिरजेत एकटं ठेवणं शक्य नव्हतं. पुण्यात बाणेरला एक होम आहे वृद्धांसाठी. त्याचा ऑनलाइन फॉर्म मी फोनवर भरून ठेवला होता, फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. हे मी मुक्तालाही सांगितलं नव्हतं. चोरासारखं वाटायचं मला, पण फॉर्म काही डिलीट केला नाही.

*

पहिल्याच दिवशी शैलानं चाचणी सुरू केली. गोड आवाजात म्हणाली, "नाना, मला पुढच्या स्टेशनवर तीन वस्तू घ्यायच्यात. लिंबू, साबण आणि मेणबत्ती. मी विसरते हो, तुम्ही लक्षात ठेवाल?"

आम्ही सगळे खिडकीबाहेरच्या मेंढ्या बघण्यात गढून गेल्यासारखे बसलो. तासाभरानं तिनं विचारलं, "नाना, काय बरं होत्या त्या तीन वस्तू?"

नानांनी शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि वाचलं, "लिंबू, साबण, मेणबत्ती. सांगितल्याची वेळ दहा चाळीस. सही करा."

"अहो, लिहून कशाला ठेवलंत?"

"रेल्वेत तोंडी काम चालत न्हाई, डॉक्टरीणबाई!"

शैलानं चिठ्ठीवर सही केली. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, "विसरायला लागलेली माणसंच असं लिहून ठेवतात रे." तिचा नवरा विनय म्हणाला, "मग मी शॉपिंगची लिस्ट करतो ते काय?" तिनं त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्यानंतर विनयनं लिस्ट करणं सोडलं असं ऐकतो!

*

दुसऱ्या दिवशी गाडी लागायला वेळ होता. नाना प्लॅटफॉर्मच्या कडेला उभे राहून रुळांकडे टक लावून बघत होते. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "रूळ जवळ आलेत रे."

मुक्तानं माझा हात घट्ट धरला. शैलानं पर्समधून डायरी काढली.

"कुठं जवळ आले, नाना?" मी अगदी हळुवार विचारलं.

"आपल्यापेक्षा जवळ हायेत की. तीन इंच कमी."

मी मान डोलावली. लहान मुलापुढं डोलावतात तशी. विनय इंजिनिअर, त्याला राहवेना. त्यानं मोबाइल काढला, शोधलं आणि तोंड वासून आमच्याकडे बघत राहिला. भारतात साडेपाच फूट, इथं सव्वापाच. बरोब्बर तीन इंच!

मी विजयी मुद्रेनं शैलाकडे बघितलं. ती डायरीत लिहितच होती. "जुनं सगळं पक्कं असतं रे," ती म्हणाली, "नवीन टिकत नाही, तीच तर काळजी." मला तिचा रागच आला. बरोबर सांगितलं तरी पेशंट, चुकलं तरी पेशंट. मग माणसानं करायचं काय?

*

आमच्यात सगळ्यात संशयी मात्र गिरीश. नागपूरचा. बॉल्सब्रिजला एका ऑफिसात सॉफ्टवेअरची टेस्टिंग करतो आणि घरीही तेच करतो. डब्यात एक पिकल्या केसांच्या बाई स्कोन, म्हणजे इथले गोडसर पाव, आणि चहा घेऊन आल्या. गिरीश बायकोला, अनघाला, म्हणाला, "हे फुकट कावून देऊन राहिले? काहीतरी गडबड आहे."

अनघानं आपल्या पद्धतीप्रमाणे "नको, नको" केलं. आयरिश बाईंनी त्यांच्या पद्धतीप्रमाणे "आह, गो ऑन" केलं. चार वेळा नको, पाच वेळा गो ऑन. दोघीही मागं हटेनात! शेवटी विनयनं हात पुढं करून स्कोन घेतला, तोंडापर्यंत नेला, आणि नानांनी तो वरच्या वर काढून घेतला.

"गाडीत अनोळखी माणसाच्या हातचं खायचं न्हाई! गुंगीचं औषध घालत्यात. बोर्ड लावून लावून आमचे हात दुखले."

आम्ही हसलो. मी नानांना समजावलं, हा देश वेगळा, ही माणसं वेगळी. बाई बिचाऱ्या हसत हसत दुसरा स्कोन ठेवून गेल्या. विनयनं तो खाल्ला, वर दोन कप चहा प्यायला, आणि दहाव्या मिनिटाला मान टाकून घोरायला लागला!

नानांनी एकदा विनयकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"बघ," म्हणाले.

गिरीशनं आपला स्कोन हळूच कागदात गुंडाळून ठेवला.

*

आमची रिया नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र कॉर्कच्या इंग्रजीत. आजोबा-नातीचं मेतकूट होतं, म्हणून मुक्तानं तिला कामाला लावलं. आजोबांच्या शेजारी बस, ते काही वेगळं बोलले की आईला येऊन सांग. लेकराला असलं काम द्यायचं का, असा विचार तेव्हा आमच्या डोक्यातही आला नाही.

दोन दिवस रिपोर्ट व्यवस्थित आले; बदल्यात गेम खेळायला माझा फोन घेऊन ती आजोबांशेजारी बसायची. आजोबा खिडकीतून डबे मोजतात. आजोबांनी बोगद्यात घड्याळ बघितलं. तिसऱ्या दिवशी रिया आली, समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा सेज टू टेल ये ही'ज ग्रँड." ग्रँड म्हणजे इथं मजेत.

"अगं, त्यांना तू सांगितलंस?"

"ही आस्क्ड." आणि खांदे उडवून पुढं म्हणाली की आजोबांनी तिला आमच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय!

मग मी जरा मागं जाऊन विचार केला. दोन दिवस नाना आमच्याकडे बघून गालात हसत होते ते का, हे तेव्हा उलगडलं. संध्याकाळी त्यांनी मला एकट्याला गाठलं. "त्या डॉक्टरीणबाई मला एवढं काय काय विचारत्यात? विमाबिमा विकायचाय का त्यांना?"

मी म्हटलं, "नाही हो, त्यांचा स्वभावच आहे तसा."

"असंल," नाना म्हणाले. पण बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

*

चौथ्या दिवशी सकाळी नाना गायब! हॉटेलच्या खोलीत नाहीत, नाश्त्याला नाहीत, फोन उशीखाली. माझं धाबं दणाणलं. गिरीश बंदराकडे धावला, मुक्ता रस्त्याकडे. शैलानं डायरीत एक शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. तो मी वाचला. 'भरकटणं'.

नाना स्टेशनवर सापडले. गाडीच्या शेवटच्या डब्यात, गार्डच्या खुर्चीत बसलेले. गाडीचा गार्ड डोनल, हाही सत्तरीचा, समोर पेटीवर बसून त्यांना चहा ओतून देत होता. अनोळखी माणसाच्या हातचा चहा! नाना त्यांच्या मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून, घाटात मालगाडीचे डबे सुटले तर काय करायचं ते समजावत होते.

"युअर मॅन इज प्युअर गोल्ड," डोनल मला म्हणाला. इथं कुणाबद्दलही बोलताना 'युअर मॅन' म्हणतात. मला वाटलं, खरंच माझाच माणूस आहे, आणि मी त्याच्या मागं हेर लावलेत. फार वाईट वाटलं. तरीही मी नानांना सगळ्यांसमोर रागावलो. "सांगून जाता येत नाही?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस?" नाना म्हणाले.

*

शेवटचा दिवस. कॉर्क दोन तासांवर राहिलं होतं. एका चिमुकल्या स्टेशनवर गाडी इंजिनात पाणी भरायला वीस मिनिटं थांबली. सगळे उतरले, फोटो काढले. पाऊस आला तसे सगळे परत पळाले. डोनलनं शिट्टी तोंडात धरली, हिरवं निशाण उचललं.

डब्याच्या दारात नाना उभे होते. त्यांनी हात आडवा केला.

"थांबवा. एक माणूस कमी हाय." आणि डोनलला ओरडून, "वन शॉर्ट!"

मी जागेवरून नजर फिरवली. मुक्ता, रिया, गिरीश, अनघा, झोपलेला विनय, त्याच्या समोर शैलाची जागा, नाना आणि मी. आठ. "नाना, सगळे आहेत. बसा."

"सात."

मनात एकच आलं, ते आईला शोधतायत. आमच्या घरची माणसं मोजताना ते आईला मोजतायत. मी उठलो, त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणालो, "चला नाना, बसून घेऊ." माझा आवाज मलाच परका वाटला. मुक्ताचे डोळे भरून आले. खिशातल्या फोनवर तो फॉर्म होता, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी मनातल्या मनात बटण दाबलं.

डोनलनं माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे बघितलं आणि निशाण खाली घेतलं. "इफ ही सेज वन शॉर्ट, वी आर वन शॉर्ट," तो म्हणाला.

नानांनी माझा हात शांतपणे सोडवला. आत आले. शैलाच्या सीटवरून एक फुलाफुलांचा रुमाल दोन बोटांत उचलला आणि सगळ्यांना दाखवला.

"ह्यो रुमाल हाय," म्हणाले. "माणूस न्हवं."

सीटवर नंबर असतानाही बाईसाहेब सवयीनं रुमाल टाकून उतरल्या होत्या. आणि आमच्या डोळ्यांना रुमाल दिसला की जागेवर माणूस दिसतोच! आम्ही पाच जण तो रुमाल मोजत होतो. विनय खडबडून जागा झाला. "अरे, शैला कुठंय?"

शैला प्लॅटफॉर्मच्या टोकाला बायकांच्या टॉयलेटमध्ये अडकली होती. जुनी कडी बसली ती निघेना, आणि इंजिनाच्या आवाजात तिचं दार बडवणं कुणाला ऐकू गेलं नाही. डोनलनं खांदा लावून दार उघडलं. ती डब्यात आली तेव्हा केस विस्कटलेले, चेहरा लाल. विनयला म्हणाली, "मला टाकून निघाला होतास?" विनयनं रुमाल पुढं केला. ती मग नानांसमोर जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या पाया पडली.

गाडी हलली. नाना माझ्या शेजारी येऊन बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. बाहेर हिरवी शेतं मागं पडत होती, तिकडे बघत त्यांनी अगदी सहज, मला एकट्यालाच ऐकू येईल असं विचारलं,

"बाणेरच्या त्या होममधनं गाडीचा आवाज येतो का रे?"