भीत भीत केलेली आमटी

पितृपंधरवडा लागायच्या आदल्या दिवशी तुळजापूरहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला, अनंतदादा गेले. आम्ही पोचलो तेव्हा घरात वहिनी आणि दोन शेजारी, एवढेच होते. दादा माझ्या पत्नीचे थोरले बंधू. आता महिना होऊन गेला. लिहावं की नाही, हे ठरवण्यातच तो गेला...

त्यांचं घर पुजाऱ्याचं. गावोगावचे पिढीजात यजमान देवीला येत, त्यांच्याकडे उतरत, आणि नैवेद्य-पंगतीचा स्वयंपाक दादा स्वतः करत. यजमानांवरच घर चालायचं. सोवळ्यातल्या स्वयंपाकाचा नियम असा, की देवीला नैवेद्य दाखवीपर्यंत काहीही चाखायचं नाही. मीठ, गूळ, तिखट, सगळं अंदाजानं. तरुणपणी दादांना त्या अंदाजाचा ताठा होता. "माझा हात म्हणजे तराजू आहे, जावईबापू," असं मला ऐकवायचे. मी कचेरीत हिशेब ठेवणारा. असली वाक्यं मला पटत नसत. पण जेवायला बसलं की खोट काढायला जागाही मिळत नसे.

संस्थानाच्या विलीनीकरणाला चारपाच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. जिल्ह्यातल्याच वाशीकडचे एक पाटील नातवाचं जावळ काढायला आले. तिसऱ्या पिढीचे यजमान, साठ पानं, बरोबर त्यांची म्हातारी आई. मी सुट्टीवर होतो, म्हणून शिधा तोलून देणं माझ्याकडे आलं होतं. पुरणपोळ्या झाल्या, भात झाला, कटाची आमटी उकळून उतरली. बाहेर पंगत बसली. दादा नैवेद्याचं ताट भरायला बसले आणि आमटीत पळी घालून तसेच थांबले.

"आमटीत मीठ पडलं का?"

"घातलंत की," वहिनी म्हणाल्या.

"तू पाहिलंस, का तुला वाटतंय?"

वहिनी घुटमळल्या. "वाटतंय..."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी डाळ तोलली होती, गूळ तोलला होता. मीठ कोण तोलतं? चाखायची तर सोय नव्हती. दादांनी पळी खाली ठेवली. म्हणाले, उरलेल्या कटाची वेगळी आमटी करतो, तिचा नैवेद्य दाखवतो, मग मोठ्या पातेल्यातली चाखता येईल. वहिनींनी आवाज दाबला. "कमी असलं तर पानात वाढता येईल. यजमान उठून गेला तर काय वाढणार आहात?"

"अन् जास्त असलं तर? देवीपुढं तसंच ठेवू?"

बाहेरून पाटलांचा आवाज आला, "महाराज, पोरं पत्रावळीच्या काड्या चावाय लागली की!" दादा दारात गेले आणि सरळ सांगून टाकलं, मिठाची शंका आहे, थोडं थांबावं लागेल. मग पाटील म्हणाले, "तीन पिढ्या रांधताय, अन् मिठाची शंका? मग आमी कुनाच्या भरवशावर बसायचं?" पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "मीठ वाशीवरनं आनू का?" सगळे हसले. फक्त पाटील हसले नाहीत. दादांचे कान लाल झाले होते.

आत येऊन त्यांनी नवी फोडणी केली. मीठ ताटलीत काढून पसरलं, बघितलं, अर्धं परत बरणीत टाकलं, पुन्हा चिमूटभर घेतलं. मी इतकी वर्षं पाहिलेला हात तो नव्हे.

नैवेद्य झाला. दादांनी मोठी आमटी चाखली. मीठ होतं, आणि अगदी बरोबर होतं. "म्हंजे उगाच उपाशी ठिवलं," पाटील म्हणाले. म्हातारीच्या पानात प्रसाद म्हणून धाकट्या पातेल्यातली आमटी पडली होती. ती भुरकून म्हणाली, "आरं, हीच वाढा की समद्यास्नी. ती दुसरी निस्तीच आमटी हाय." मी दोन्ही खाल्ल्या. डाळ तीच, गूळ तोच, मसाला तोच. पण म्हातारी खोटं बोलत नव्हती.

संध्याकाळी दादा म्हणाले, "मोठी मी सवयीनं केली. लक्षच नव्हतं, म्हणून तर मीठ आठवेना. धाकटी भीत भीत केली."

पुढच्या साली पाटील दुसऱ्या पुजाऱ्याकडे उतरले. एवढं मोठं घर सुटलं, त्याची झळ वहिनींना बरीच वर्षं लागली. दादांची शंका मात्र वाढतच गेली. जेवणाऱ्याला उठू देत नसत, "काय कमी होतं?" विचारत, उत्तर मिळेपर्यंत समोर बसून राहत. कधी आमटीत खोबऱ्याबरोबर तीळ भाजून घालून बघत, कधी पुरणात सुंठ. पंगती उशिरा उठत, पोळ्या करपत, वहिनी वैतागत. शंकेनं माणसाचं भलंच होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्याला तराजूचा ताठा होता, त्या माणसाचा हात मात्र तिथपासून शिकत राहिला.

आणि दर नवरात्रात पाटलांचा एक गडी यायचा. "पंगत तिकडं हाय, पर देवीचं पान हितलंच. म्हाताऱ्या आजी म्हनत्यात, त्या बामनाला भ्या वाटतं, त्याच्याच हातचं पायजे." आजी गेल्या, तरी गडी येत राहिला.

यंदा पाटील स्वतः आले. दादा गेल्याचं त्यांना कळलं होतं. वहिनी दाराआडून म्हणाल्या, "पान आता माझ्या हातचं असेल. मला वेळ लागेल, पाटील. मला खात्री वाटत नाही."

"लागू द्या, वयनी."

पाटील फेटा काढून ओसरीवर बसले. आत मीठ ताटलीत पसरलेलं होतं. उन्हं ओसरीवरून उतरली, तरी ते बसून होते. पान तयार झालं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि उंबऱ्यावर, वहिनींपुढे, दक्षिणेचा सव्वा रुपया ठेवला.