झाडाला विचारलंय

"झाडाला विचारलंय मी," असं म्हणून काकू काठी वर करायच्या आणि कुणाच्या तरी कुंपणावरून फुटपाथवर आलेली फांदी अलगद खाली ओढायच्या. घरमालकाला विचारलंत का, असं कुणीतरी टोकणार हे त्यांना ठाऊक असायचं, म्हणून उत्तर आधीच देऊन मोकळ्या व्हायच्या.

सकाळी पिशवी घेऊन दुसऱ्याच्या कंपाउंडमधली फुलं खुडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याकडे गल्लीत एक तरी असतंच. ते माणूस इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये भेटेल असं मात्र मला वाटलं नव्हतं. इथे सगळे गाडीनं फिरतात आणि राउंडअबाउटचे गोल चौक मोजत घरी येतात. त्यात पाच फूट उंचीच्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या काकू भल्या पहाटे काळं अनोरक जाकीट घालून, डोक्यावर हूड ओढून, देवाच्या फुलांसाठी पायी हिंडायच्या.

त्या माझ्या कुणी नात्यातल्या नव्हत्या. आमच्या रस्त्याच्या टोकाला एकट्या राहायच्या. पूर्वी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. "माझे पेशंट मला ओळखत नाहीत," असं त्या हसत सांगायच्या. "ओळख व्हायच्या आत झोपायचे, आणि जागे झाल्यावर सर्जनचे आभार मानायचे." यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी कॉव्हेंट्रीला असायची.

फुलांच्या बाबतीत काकूंचे नियम कडक होते. एका झाडाची एकच घ्यायची, आणि एकूण पाचाच्या वर नाही. कळीला हात लावायचा नाही, दारासमोरचं घ्यायचं नाही, बाहेर आलेलंच घ्यायचं. शिवाय चोरीच्या फुलांचं पुण्य झाडाच्या मालकाला मिळतं, हे त्यांच्या आजोळचं शास्त्र. माझ्या समोर राहणाऱ्या इंग्रज गृहस्थाच्या गुलाबाकडे बोट दाखवून त्या म्हणायच्या, "ह्याचं पुण्य बघ किती साठलंय, आणि बिचाऱ्याला पत्ताही नाही." परत येताना वाटेत कुणाचं फाटक उघडं दिसलं तर त्या ओढून घ्यायच्या. वाऱ्यानं पडलेला कचऱ्याचा बिन दिसला तर उभा करून ठेवायच्या. फुलांची फेड असावी बहुतेक. मी कधी विचारलं नाही.

आता थोडं माझ्याविषयी सांगायला हवं, कारण ह्या गोष्टीत माझा भाग आहे आणि तो चांगला नाही. घर घेताना लोक जवळच्या शाळा बघतात. मी गुन्हे बघितले. इथे पोलिसांच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की नकाशावर गोल उमटतात, कुठे घरफोडी, कुठे गाडीची चोरी, कुठे नुसता धिंगाणा. मी आठ पोस्टकोड तपासले. बायको म्हणाली, एवढ्या चौकशीत दोन स्थळं जमली असती. शेवटी जिथे गोल सगळ्यांत लहान होते तिथे आम्ही घर घेतलं आणि वर्षभरात मी रस्त्याच्या नेबरहुड वॉचचा, म्हणजे शेजाऱ्यांच्या राखण-मंडळाचा, कोऑर्डिनेटर झालो. खांबाखांबावर पिवळे स्टिकर लावले. रस्त्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना ठाऊक असतं, म्हणून गणपतीच्या कार्यक्रमात त्यावर अर्धा तास बोललो. आरती त्यामुळे लांबली आणि प्रसाद गार झाला, हे मला नंतर वर्षभर ऐकवण्यात आलं.

काकू तेवढ्या मला कधी हसल्या नाहीत. "कुणीतरी लक्ष ठेवतंय हे बरं," म्हणायच्या. त्यांच्या काठीची जुनी आकडी मोडली तेव्हा नवी मीच बसवून दिली. कोट अडकवायच्या हँगरची तार वाकवली, काठीला घट्ट गुंडाळली आणि अंधारात गाड्यांना दिसावी म्हणून वर चमकणाऱ्या टेपचे तीन वेढे दिले. सुरक्षिततेच्या बाबतीत मी असा काटेकोर माणूस.

ऑक्टोबरातली गोष्ट. मी लंडनच्या ट्रेनमध्ये होतो. रस्त्याच्या ग्रुपवर समोरच्या गृहस्थांनी दारावरच्या कॅमेऱ्याचं फूटेज टाकलं. सकाळी सहाची वेळ, हूड घातलेला इसम, हातात लोखंडी हत्यारासारखं काहीतरी, घराची पाहणी करून साइड गेट ढकलून बघतोय, असं खाली लिहिलं होतं. दिसण्यावरून इथला वाटत नाही, असंही होतं. मी ते फूटेज न उघडताच माझा ठरलेला मजकूर जोडला, "काळजी घ्या, दागिने घालून एकट्यानं फिरू नका," आणि आमच्या मराठी ग्रुपवर पाठवून दिलं. तत्परता म्हणजे किती.

संध्याकाळी घरी येऊन ते सावकाश लावलं. अकरा सेकंदांचं होतं. वरून घेतलेलं, करडं, कडेला वाकलेलं. हूडखाली चेहरा दिसत नव्हता. पण काठी दिसत होती, आणि काठीच्या टोकाला माझ्या टेपचे तीन वेढे काजव्यासारखे लकाकत होते.

तोवर रस्त्याच्या ग्रुपवर गर्दी झाली होती. कुणी काल परका माणूस पाहिला होता, कुणाच्या बागेतल्या शेडची कडी सैल झाली होती. ग्रुप काढल्याबद्दल सगळे माझे आभार मानत होते. मी लिहिलं, "ही आमची काकू आहे, टोकाच्या घरातली." इंग्रजीत साध्या सात-आठ शब्दांचं वाक्य. पण पाठवलं नाही. दुसऱ्याच्या झाडाची फुलं तुमची म्हातारी माणसं का तोडतात, हे मला समजावून सांगावं लागलं असतं. दिसण्यावरून इथला वाटत नाही असं म्हणणाऱ्याला, हो, ती आमच्यातली आहे, असं सांगावं लागलं असतं. चार वर्षं खपून मी त्या रस्त्यावर इथला झालो होतो. मी ते वाक्य पुसलं आणि लिहिलं की सतर्क राहिल्याबद्दल धन्यवाद, पोलिसांना कळवतो. कळवलं मात्र नाही. तेवढी लाज शिल्लक होती, असं तेव्हा मनाला समजावलं.

मग काकूंना एकांतात सांगावं म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. बेल वाजवली. दार दोन बोटं उघडलं, आत साखळी लावलेली. ती साखळी मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिली.

"तू होय," त्या म्हणाल्या. "ये. अरे, तो काठीवाला सापडला का?"

मला क्षणभर कळेना. त्यांनी फोन पुढे केला. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची वेटिंग लिस्ट लांब, फोन हाताएवढाही नाही. त्यात त्यांनी तो हूडवाला पाहिला होता आणि त्यांचा जीव उडाला होता.

"सहाला, म्हणे. मी त्याच वेळेला बाहेर असते रे. थोडक्यात वाचले बघ."

तुम्हाला हसू आलं असेल. मलाही क्षणभर आलं. पण काकूंचे हात दाराची साखळी पुन्हा लावत होते. हजारो माणसांना शांत झोपवलेले ते हात. त्याच क्षणी सांगायला हवं होतं की काकू, घाबरू नका, तो काठीवाला म्हणजे तुम्हीच आहात. मग त्यांनी विचारलं असतं, तुला माहीत होतं तर सगळीकडे पाठवलंस कशाला? मी म्हणालो, "लक्ष ठेवतोय आम्ही, काकू." त्यांनी मला शिरा दिला. वर आणखी म्हणाल्या, तू आहेस म्हणून धीर आहे. तो शिरा मी सगळा संपवला.

त्या दिवसापासून काकूंचं फिरणं बंद झालं. आधी सुपरमार्केटातली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फुलं आणवून पाहिली, पण त्यांना वास नाही म्हणून मन रमेना. मग देवांना नुसत्या अक्षता वाहू लागल्या. चालणं थांबल्यावर गुडघे धरले. त्या खिडकीच्या पडद्याआडून रस्ता बघत बसायच्या आणि मी गेलो की विचारायच्या, सापडला का? मी दर वेळी नाही म्हणायचो. ते खोटंही नव्हतं.

जानेवारीत त्यांची मुलगी कॉव्हेंट्रीहून आली. जन्म इथला, वकील आहे, माझ्याच वयाची. "आई रात्री झोपतच नाही," ती मला म्हणाली. "हा area आता safe नाही राहिला. Thank God तू तो video पाठवली, नाहीतर आम्हाला कळलाच नसता." ती आईला कायमची घेऊन जायला आली होती. नकाशावर आमच्या रस्त्याचे गोल त्याही महिन्यात तेवढेच लहान होते. मी पाहिलं होतं.

सामान गाडीत भरताना मी मदतीला होतो. सगळं चढवून झाल्यावर काकूंनी काठी माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे असू दे. राखणदाराच्या हातात काठी हवी." मी ती घेतली. गाडी पहिल्या राउंडअबाउटला वळेपर्यंत हात हलवत उभा राहिलो आणि तेव्हाही काही बोललो नाही.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाजात जुना खळखळाट होता. मुलीच्या घरी बसून त्यांनी फोनमधलं जुनं सगळं नव्या डोळ्यांनी पाहायला घेतलं होतं.

"अरे, तो चोर मीच की!" त्या हसत होत्या, मागे मुलगी हसत होती. मीही हसलो. मग त्या जरा थांबल्या.

"तू काठी ओळखली नाहीस? टेप तूच गुंडाळली होतीस ना?"

हो म्हणवेना, नाही म्हणवेना. वाट पाहून काकूच म्हणाल्या, "असू दे. अंधार होता."

एवढंच. मग जेवणाचं, गुडघ्यांचं बोलल्या. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझं खोटं माझ्या वतीनं बोलून टाकलं आणि मी ते त्यांच्याकडून घेतलं. फोन ठेवल्यावर ते फूटेज मी माझ्या फोनमधून पुसून टाकलं. ग्रुपवरचं जुनं आपोआप पुसलं जावं, अशी सोय मीच कोऑर्डिनेटर म्हणून आधी करून ठेवली होती.

गेल्या नोव्हेंबरात काकू गेल्या. तिकडेच, मुलीच्या घरी, झोपेत. मी कॉव्हेंट्रीला जाऊन आलो. फोटो बरेच मांडले होते. निघताना मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्याकडे आईची ती चोरवाली video आहे का? तिचा जुना फोन आम्ही बदलला, त्यात गेली. दुसरी एकपण नाही रे. Video तीच काढायची, नेहमी camera च्या मागे असायची. चालताना ती फक्त त्याच्यातच आहे."

बघतो म्हणालो. मराठी ग्रुपवर विचारलं, पण चोराचं चित्र कोण जपून ठेवतं?

मग एका दुपारी मी समोरच्या गृहस्थांच्या दारात गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या दारात मी फक्त स्टिकर द्यायला गेलो होतो. गेल्या ऑक्टोबराआधीच्या ऑक्टोबरातलं ते फूटेज आहे का, असं विचारलं. ते म्हणाले, महिन्याभरानं आपोआप पुसलं जातं. आणि विचारलं, का, पकडला का त्याला?

तेव्हा मी सांगितलं. ती टोकाच्या घरातली डॉक्टर होती, देवाला वाहायला तुमच्या गुलाबाचं एक फूल घ्यायची आणि जाताना तुमचं साइड गेट लावून घ्यायची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी," मी म्हणालो.

ते गेटकडे वळून पाहू लागले. मग हळूच म्हणाले की त्या गेटची कडी कितीतरी वर्षांपासून धरत नाही, आणि तरी ते रोज सकाळी बंद कसं असतं ह्याचं त्यांना नवल वाटायचं. मागच्या दोन हिवाळ्यांत मात्र सारखं आपटत असतं. त्यांनी "सॉरी" म्हटलं आणि दार लावलं. ते कुणाला म्हणाले, मला नीट कळलं नाही.

मी परत निघालो तेव्हा गेट वाऱ्यानं उघडं पडलं होतं. गुलाबाला एकच उशिराचं फूल होतं, फुटपाथवर झुकलेलं. त्याला हात लावायचं धैर्य मला झालं नाही. गेट तेवढं ओढून घेतलं. दारावरच्या कॅमेऱ्याचा निळा दिवा लागला, आणि मी चेहरा नीट दिसावा म्हणून वर बघून थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.