कुर्लीला दिलेली मोटर

कोल्हापूरहून निघालेली एसटी आंबा घाट उतरली, तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत विंचू होता. विंचू म्हणजे माझा तीन किलोचा रोबो. दोन चाकं आणि तोंडाशी गरगर फिरणारा पोलादी रूळ. शेजारच्या बाईंनी पिशवीत काय आहे ते विचारलं. "लढणारा रोबो," मी म्हटलं. त्यांनी पाय आखडून घेतले ते साखरपा येईपर्यंत.

मी मिक्सर आणि पंखे दुरुस्त करते. रोबोंच्या लढती आधी मोबाइलवर बघत होते, मग स्वतःच एक बनवला. दोन स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरले होते. रत्नागिरीतही तसंच झालं, तर विंचू सुटा करून त्याचे भाग दुकानात वापरायचे, असं ठरवूनच निघाले होते.

स्टँडवर रिक्षावाल्याला कॉलेजचं नाव सांगितलं. "सड्यावर जायचंय काय?" तो म्हणाला. आमच्याकडे सडा म्हणजे अंगणात शिंपडलेलं शेणपाणी. मी विचारलं, "कुणाच्या दारात?"

"दारात नाय हो ताई, वर!"

वर पोहोचल्यावर उलगडा झाला. सडा म्हणजे जांभ्याचं (लाल, सच्छिद्र दगडाचं) उघडं पठार. खाली आंब्याच्या बागा आणि त्यापलीकडे समुद्राची निळी रेघ. कॉलेजचं मोठं दार समोर होतं आणि मी पाठीमागच्या दाराने आत शिरले, थेट स्वयंपाकघरात. तिथल्या मावशींनी मला हॉलपर्यंत पोहोचवलं.

हॉलच्या मधोमध पारदर्शक जाड प्लॅस्टिकच्या पत्र्याचा पिंजरा होता. सहा रोबो आले होते. पहिलीच लढत माझी, दत्ताराम भाऊंशी. वय साठीच्या पुढचं, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मुंबईत जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून ते गावी परतले होते. त्यांच्या चपट्या रोबोचं नाव कुर्ली (खेकडी).

"कुठून आलाव, बाय?"

"कोल्हापूर."

"मग जपून मारा हो," ते हसले.

शिट्टी वाजली. विंचवाचा रूळ घोंघावला. मी विंचू समोर घातला, धाडकन आवाज झाला आणि कुर्लीचं डावं चाक पिंजऱ्याच्या भिंतीवर आपटलं. पंचांनी दहा आकडे मोजले. कुर्ली जागच्या जागी फिरत राहिली. मी जिंकले! आयुष्यातली पहिली लढत. आणि ओरडावं की गप्प राहावं, तेच मला कळेना.

टेबलाशी परतले तोवर दत्ताराम भाऊ मागे उभे होते. हरलेल्याला आणखी एक संधी असते. त्यातून वर येणारा शेवटी न हरलेल्याशी लढतो. "चाक बसवीन, पण मोटर गेली," ते म्हणाले. "तुमच्याकडं आहे काय एखादी?"

एकच होती. माझी जळली तर लागेल म्हणून आणलेली. मी पिशवीत उगाच हात घालून बसले. नाही म्हटलं असतं तरी कोणी काही बोललं नसतं.

"लिफ्ट बंद पडली की लोक मला हाक मारायचे," ते कुर्लीकडे बघत म्हणाले. "चालू झाली की मला विसरून वर निघून जायचे. इथं यंत्र नुसतं चाललं तरी माणसं टाळ्या वाजवतात."

मी मोटर काढून दिली. दिली म्हणजे काय, चष्म्यातूनही त्यांना बारीक वायरी दिसेनात म्हणून त्याही मीच जोडल्या. मघाशी तोडलेलं चाक आता माझ्याच मांडीवर होतं. मग त्यांनी घरून आणलेली घावणं (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि काळ्या वाटाण्याची उसळ पुढे केली. सोल्डरच्या वासाच्या हातांनी आम्ही दोघांनी खाल्ली.

पुढची लढत मी कशीबशी जिंकले. दत्ताराम भाऊ ओळीने सगळ्या जिंकले. शेवटच्या लढतीला पिंजऱ्यात विंचू आणि कुर्ली.

या वेळी कुर्ली खालून घुसली आणि विंचू उलटा झाला. रोबो उलटा पडला की रिमोटवर पुढे दाबल्यावर तो मागे जातो, हे मला ठाऊक होतं. तरीही माझं बोट पुढेच दाबत राहिलं. त्याच वेळी कुर्लीचं डावं चाक अडखळलं आणि मी मनात म्हणाले, "चल, चल!" कोणाला म्हणाले, देव जाणे. चाक पुन्हा फिरू लागलं. कुर्लीने विंचवाला कोपऱ्यात दाबून धरलं. आठ, नऊ, दहा.

हॉल दणाणला. दत्ताराम भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मोटर काढून द्यायला पेचकस घेऊन आले.

"राहू दे," मी म्हटलं. "चालतीय ना?"

परतीच्या एसटीत घाट चढताना मी बराच वेळ स्वतःवर चिडले होते. मोटर दिली नसती तर बक्षीस माझं होतं. पण मोटर परत हवी होती का, असं स्वतःला विचारलं की 'नाही' असंच उत्तर येई. दोन्ही खरं होतं. दुरुस्त करणाऱ्या बाईला मोडतोडीत इतका आनंद का होतो, हेही कळलं नाही. विंचू सुटा करायचा विचार मात्र मलकापूर येईपर्यंत गेला होता.

घरी नवऱ्याने चहा पुढे केला आणि काय झालं ते विचारलं. मी शेवटची लढत सांगू लागले. डावं चाक कसं अडखळलं, मी 'चल, चल' कसं म्हटलं, मग खालून घुसून काय रेटा दिला!

"थांब की," तो म्हणाला. "ह्यातला तुझा रोबो कुठला?"