बांगड्याक तांबडी

शिरोड्याच्या मासळीबाजारात आमचे शेजारी प्रत्येक टोपलीसमोर थांबत, डोळे मिटत आणि जाहीर करीत, "इसवणाक धवी! बांगड्याक तांबडी!" कुठल्या माशाबरोबर पांढरी वाइन आणि कुठल्याबरोबर तांबडी, ही विद्या त्यांनी बोटीवर खानसामा असताना मिळवलेली. पण दिवस दारूबंदीचे. मासेवाली घाबरून म्हणे, "वायच हळू बोला हो, पोलीस आयकतलो!"

इथे द्राक्षं कुठली मिळायला? म्हणून त्यांनी माळ्यावर चोरून जांभळांची वाइन घातली. बरणी उघडायच्या दिवशी मलाही बोलावलं. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. वाइन आंबून तिचा पार शिरका, म्हणजे व्हिनेगर झाला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी डोळे मिटले, पुन्हा चाखलं आणि एकदम उठून बांगडे आणायला बायकोला हाक मारली, "बांगडे हाड गो! ही पिऊची नाय, बांगड्याक लावूची!"

तसे बांगडे मी पुन्हा कुठेच खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजारात ते बांगड्यांच्या टोपलीसमोर उभे राहिले, डोळे मिटले आणि पोलिसाच्या देखत गरजले, "आंबट!"